मोटरसायकल रेसिंग टीमच्या ट्रायलचा अर्ज : वय, लायसन्स आणि कागदपत्रं

कणकवलीत माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, नॉन क्रिमिलेयर, पॅन कार्ड हे रोजचं. हल्ली मात्र एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलंय. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, मोबाईलवर कुठल्यातरी कंपनीच्या रेसिंग ट्रायलची जाहिरात, आणि "काका, ह्यो फॉर्म भरून देशात?" पहिल्या वेळी मीही लिंक उघडली, नाव-पत्ता भरला आणि सबमिट दाबून मोकळा झालो. ती नुसती नावनोंदणी असते. खरा अर्ज म्हणजे ट्रॅकवरच्या टेबलावर तुम्ही ठेवता ती फाईल. हे मला कळलं ते माझ्याच भाच्याचं एक वर्ष फुकट घालवून. ते पुढे सांगतो.

आधी जागा कुठे कुठे असतात ते. आपल्याकडे पोराकडे स्वतःची रेस बाईक असायलाच हवी असं नाही, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. 'वन मेक' प्रकारच्या स्पर्धेत सगळ्यांना कंपनीच एकसारख्या गाड्या देते, आणि चालवणारे ट्रायल घेऊन निवडले जातात. टीव्हीएसची अपाचेवरची वन मेक चॅम्पियनशिप आहे, तिच्यात २०१६ पासून मुलींचा वेगळा गट आहे. होंडाची इंडिया टॅलेंट कप २०१८ पासून आहे. रॉयल एनफिल्डची काँटिनेंटल जीटी कप २०२१ ला सुरू झाली, तिथे ६५० सीसीची गाडी असते, म्हणजे नवख्या पोराचं काम नव्हे. ह्याच्या वरची पायरी म्हणजे एशिया टॅलेंट कप, २०२६ पासून तिचं नाव मोटो४ एशिया कप. ती २०१४ पासून चालू आहे, तिची निवड मलेशियात सेपांगच्या ट्रॅकवर होते आणि गाडी असते होंडाची एनएसएफ २५० आर, जी रेससाठीच बनवलेली आहे. ते डोक्यात असेल तर पासपोर्ट आजच काढायला टाका, ट्रायलची तारीख लागल्यावर धावाधाव नको.

वयाची अट प्रत्येक स्पर्धेची वेगळी. काही ठिकाणी तेरा-चौदा वर्षांची पोरं घेतात, काही ठिकाणी अठरा पूर्ण लागतात. जाहिरातीत वयाचा आकडा वाचून थांबू नका, ते वय कोणत्या तारखेला मोजणार हे बघा. अर्जाच्या दिवशी, एक जानेवारीला की पहिल्या रेसच्या दिवशी? एका पोराचा ह्याच्यात अकरा दिवसांनी नंबर गेलेला मी पाहिलाय.

लायसन्स दोन, आणि दोन्ही वेगळी

आरटीओचं लायसन्स रस्त्यासाठी. रेसचं लायसन्स देते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय. राष्ट्रीय पातळीवरची कुठलीही रेस ह्याच संस्थेच्या नियमांखाली होते आणि तिचं लायसन्स नसेल तर ग्रिडवर, म्हणजे रेस सुटते त्या रांगेत, उभं राहता येत नाही. अर्ज ऑनलाईन भरतात. फी दर वर्षी जाहीर होते, ती पोर्टलवरच बघावी, कुणा एजंटाच्या तोंडून ऐकू नये. हे लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतं असतं, ३१ डिसेंबरला संपतं. म्हणजे नोव्हेंबरात काढलेलं लायसन्स महिना-दीड महिनाच कामाचं.

सर्किट रेसिंगचं पहिलं लायसन्स काढणाऱ्याला मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचं ट्रेनिंग सर्टिफिकेट जोडावं लागतं. आपली पोरं पहिल्यांदा अडतात ती इथे, कारण अशा शाळा बहुतेक चेन्नई, कोइम्बतूर, बेंगळुरूकडे. काही कंपन्या ट्रायलमध्ये निवड झाल्यावर हे ट्रेनिंग स्वतः देतात आणि लायसन्सही काढून देतात, काही मात्र लायसन्स हातात असलेल्यालाच बोलावतात. जाहिरातीतली ही एक ओळ सापडेपर्यंत पैसे भरू नका.

अठराच्या आतल्या पोराला आरटीओचं गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही, पण बंद ट्रॅकवर तो नियमाने रेस करू शकतो. ह्याचा अर्थ पोरं भलताच लावतात. सराव हायवेवर करायचा नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९ ए कलमाखाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. अठरा पूर्ण झाले म्हणूनही सुटका नाही. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली तर १८९ कलम आहेच. कशेडी किंवा फोंडा घाटातला तुमचा टायमिंगचा व्हिडिओ ट्रायलला कुणी बघत नाही, पोलीस बघतात. किनाऱ्यावरही नको. खारं पाणी चेन आणि बेअरिंग खातं ते खातंच, शिवाय हिवाळ्यात वेळास-आंजर्ल्याकडे कासवं अंडी घालायला येतात त्याच वाळूत. सरावाला आपल्याला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे कोल्हापूरचा मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक, तिथे दुचाकीला दिवस मिळतो का हे आधी फोन करून विचारून घ्यावं.

फाईल

आता माझी चूक. भाचा तेव्हा सोळाचा. त्याचे वडील बोटीवर, तेव्हा सिंगापूरच्या पुढे कुठेतरी. ताई घरी, तिला सासूच्या आजारपणामुळे येता येईना, म्हणून मी घेऊन गेलो. पालकांच्या संमतीच्या बाँडवर मी ऐटीत सही केली, नोटरी केली, पालकाशी नातं ह्या रकान्यात 'मामा' लिहिलं. ट्रॅकवर ताडपत्रीखाली एक टेबल, टेबलामागे एक बाई, हातात स्टेपलर. तिने पान उलटलं, 'मामा' ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि फाईल तशीच माझ्याकडे सरकवली. एवढंच. भाचा मागे लेदर सूट घालून घामाने निथळत उभा. पंधरा फुटांवर गाड्या वॉर्मअप होत होत्या. "मामा, मी रेस मारूक इलंय की तलाठ्याच्या हापिसात?" असं तो परतीच्या गाडीत म्हणाला. त्याआधी सहा तास काही बोलला नव्हता. दिवसाला तीस अर्ज भरणारा माणूस मी.

तर संमतीपत्र. अठराच्या आतल्या मुलासाठी आई किंवा वडिलांची सही लागते. मामा, काका, कोच, थोरला भाऊ चालत नाही, कोर्टाने नेमलेला पालक असेल तर त्याची कागदपत्रं सोबत हवीत. आपल्याकडे निम्म्या घरांत वडील मुंबईत नाहीतर बोटीवर. वडील दूर असताना आई पालक म्हणून सही करू शकते, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच तसा अर्थ लावून दिलाय. पण काही फॉर्मवर दोघांच्याही सह्यांच्या जागा असतात. तेव्हा चाकरमानी गणपतीला येतात त्याच आठवड्यात सही घेऊन ठेवा. स्टॅम्पपेपर १०० चा मागू नका, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्या जागी ५०० चा आलाय. मजकूर आयोजकाने दिलेलाच छापा, वकिलाकडून नवा लिहून घेऊ नका. आणि सही करण्याआधी तो मजकूर आईला मराठीत वाचून दाखवा, मरण आणि कायमचं अपंगत्व हे शब्द गाळू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर रेस चालू असताना तेरा वर्षांचा मुलगा गेला. तो बाँड नुसती औपचारिकता नाही.

वयाचा पुरावा म्हणून आधार पुढे करू नका. आधार ओळखीसाठी आहे, जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो ठिकठिकाणी नाकारला जातो. जन्म दाखला द्या. तो काढून बघा, कारण पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' असतं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत अर्ज देऊन नाव चढवून घ्यावं लागतं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट.

नावाचं स्पेलिंग हा आपला खास रोग. सावंत एकीकडे डब्ल्यूने, दुसरीकडे व्हीने. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. रेसिंग लायसन्सवर जे नाव चढेल तेच निकालात, विम्यात आणि बक्षिसाच्या रकमेत जातं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा आधी जन्म दाखला नक्की करा, मग त्याबरहुकूम आधार, मग बाकीचं. उलट्या क्रमाने गेलात तर माझ्या काउंटरवर पुन्हा येणार, मला काय, माझा धंदाच आहे.

मेडिकल सर्टिफिकेट गावातल्या डॉक्टरकडून आणतात आणि ते बीएएमएस असतात. एमबीबीएस डॉक्टरकडे जा, लेटरहेडवर नव्हे तर आयोजकाच्याच नमुन्यावर लिहून घ्या, खाली शिक्का आणि नोंदणी क्रमांक. रक्तगट लॅबच्या रिपोर्टसकट. फिट येणं (आकडी), दमा, जुनं फ्रॅक्चर, कॉलरबोनमधली प्लेट, चष्मा काहीही लपवू नका. प्लेट असली की बाद असं नसतं, पण अपघातानंतर डॉक्टरला ती एक्स-रेमध्ये कळली तर उशीर झालेला असतो. आणि सर्दी-खोकल्याचं औषध घेताना मागची बाजू वाचा. स्युडोएफेड्रिन हे स्पर्धेच्या काळात ठराविक मर्यादेपलीकडे बंदी असलेलं द्रव्य आहे आणि उत्तेजक चाचणी रेसिंगलाही लागू आहे.

विमा हा रकाना बहुतेक जण घरच्या मेडिक्लेमचा नंबर टाकून भरतात. त्याच पॉलिसीत 'एक्सक्लुजन ०९' असं कलम असतं, धाडसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास उपचाराचा खर्च नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नावानिशी आहे. लायसन्ससोबत आणि आयोजकाकडून अपघाताचं कव्हर किती आहे, हॉस्पिटलचा खर्च त्यात बसतो की फक्त मृत्यू-अपंगत्व, हे लेखी मागा.

फोटो, सह्या, पीडीएफचे केबी हे मी सांगत बसत नाही, ते कुठल्याही केंद्रात करून देतात. सगळ्याच्या दोन झेरॉक्स, मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरात. पावसात गाडीने जाणार असाल तर त्यावर आणखी एक पिशवी.

अंगावरचं सामान

एकसंध लेदर सूट, मनगटाच्या वर येणारे ग्लोव्हज, घोट्याच्या वरचे बूट, पाठीचा प्रोटेक्टर, आणि डबल डी रिंगच्या, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायच्या पट्ट्याचं फुल फेस हेल्मेट. क्लिकवालं बकल चालत नाही. आपल्या बाजारातलं आयएसआयचं हेल्मेट रस्त्याला ठीक, पण ट्रायलच्या नियमात कोणतं प्रमाणपत्र मागितलंय ते बघूनच घ्या, आणि आत तारखेचं लेबल शाबूत ठेवा. पडलेलं हेल्मेट रंगवून नेऊ नका. तपासणीला आतलं फोम दाबून बघतात. सूट महाग येतो, पण सेकंडहँड मिळतो आणि काही ट्रायलना आयोजक भाड्याने किंवा फुकटही देतात. बूट आणि ग्लोव्हज मात्र स्वतःच्या मापाचेच.

ट्रायलचा दिवस

बऱ्याचदा ठिकाण दोहोंपैकी एक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, नाहीतर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, तो जेमतेम २.१. कोइम्बतूरला रत्नागिरीहून नेत्रावतीने शोरनूर गाठायचं आणि तिथून दुसरी गाडी. तारीख उशिरा कळते, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तत्काळची तयारी ठेवा आणि एक दिवस आधी पोचा. रात्रभर जनरल डब्यात उभं राहून आलेल्या पोराचं टायमिंग पहिल्या दोन फेऱ्यांतच कळतं.

आधी कागद, मग सामानाची तपासणी, मग ब्रीफिंग. ब्रीफिंगमध्ये झेंडे विचारतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत, या. काळा झेंडा आपल्या नंबरासोबत दिसला तर तडक आत. हे इंग्रजीत आणि कधी तमिळमिश्रित इंग्रजीत सांगतात, म्हणून घरी पाठ करून जा. मग पाच-दहा जणांचे गट, दोन ओळखीच्या फेऱ्या, आणि नंतर घड्याळ. व्हिली मारून, म्हणजे पुढचं चाक उचलून, दाखवणारा पोरगा पहिल्यांदा बाहेर. एकच फेरी झकास मारण्यापेक्षा सलग पाच फेऱ्यांच्या वेळा अर्ध्या सेकंदाच्या फरकात बसवणाऱ्याकडे बघणाऱ्यांचं लक्ष जातं. संध्याकाळी पुशअप, धावणं आणि दोन-चार प्रश्न. शाळेची हजेरी कशी सांभाळणार हाही एक असतो.

निवड झाली तर करार येतो. त्यात प्रवास, राहणं, टायर आणि पडल्यावर गाडीचं नुकसान कोण भरणार ह्या चार गोष्टी शोधा. शेवटची बहुतेक वेळा बारीक अक्षरात असते.

भाचा पुढच्या वर्षी पुन्हा गेला, बाँडवर ताईची सही घेऊन. राखीव यादीत आला, तिसरा. ह्या वर्षी त्याला अठरा पूर्ण होतात, म्हणजे बाँडवर सही त्याचीच. त्याची फाईल माझ्या काउंटरच्या खालच्या खणात आहे. मेडिकल जुनं झालंय, ते तेवढं सोमवारी करून घ्यायचंय.