मानसशास्त्रज्ञ नेमका कोणाचा? कौटुंबिक खटल्यांतल्या जुन्या पेचाची पार्श्वभूमी

वकीलपत्रावर सही झाली की वकिलाला आपला अशील कोण हे ठाऊक असतं. मानसशास्त्रज्ञाचं तसं नाही. घटस्फोटाच्या किंवा ताब्याच्या प्रकरणात तो आईचा, बापाचा, मुलाचा की न्यायालयाचा? या दोन व्यवसायांनी मिळून काम करण्याच्या ज्या पद्धती गेल्या पन्नास-साठ वर्षांत रुळल्या, त्यांतली प्रत्येक या प्रश्नाशी झगडलेली आहे. हे बरंचसं अमेरिकेत घडलं आणि तिथून इतरत्र गेलं.

आधी प्रश्न होता तो मानसशास्त्रज्ञाला न्यायालयात उभं करायचं की नाही, हा. वैद्यकीय पदवी नाही एवढ्याच कारणावरून त्याची तज्ज्ञ साक्ष नाकारता येणार नाही, असं वॉशिंग्टन डी.सी.च्या संघीय अपील न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवलं. ते प्रकरण फौजदारी होतं, पण दार उघडलं ते सगळ्यांसाठी. १९७० पासून कॅलिफोर्नियात दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही कायदे बदलले. कोण चुकलं हा वाद मागे पडला, तसा भांडणाचा जोर मुलांच्या ताब्याकडे सरकला. मूल कोणाकडे जास्त बरं राहील, हे न्यायाधीशाला कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. मानसशास्त्रज्ञाला मागणी आली ती इथून.

सुरुवातीला ती मागणी वकिलांनी आपल्या पद्धतीने भागवली. प्रत्येक बाजूने आपापला तज्ज्ञ आणायचा. त्याहून घातक चाल म्हणजे मुलावर आधीपासून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन ‘दोन ओळींचं पत्र’ मागायचं. पत्रात लिहिलेलं असतं, ‘मूल वडिलांकडे जायला घाबरतं, भेटी कमी कराव्यात.’ मग उलटतपासणी. वडिलांना कधी भेटलात? नाही. दोघांना एकत्र पाहिलंत? नाही. भीतीबद्दल पहिल्यांदा कोणी सांगितलं? आईने. तीन प्रश्नांत पत्राची किंमत शून्य होते आणि आपण खोलीत बोललेलं बाहेर गेलं हे मुलाला कळल्यावर उपचारही संपतात. वकिलाने कागद मिळवला आणि अशिलाचंच नुकसान केलं.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ताब्याविषयीच्या मूल्यमापनासाठी, म्हणजे मूल कोणाकडे राहावं हे तपासून न्यायालयाला सांगण्याच्या कामासाठी, मार्गदर्शक सूत्रं आणली. उपचार करणाऱ्याने मूल्यमापन करू नये, हा त्यांतला एक गाभ्याचा मुद्दा. दोन्ही भूमिका एका माणसात का मावत नाहीत, हे १९९७ च्या एका लेखात फार नेमकेपणाने मांडलं गेलं. तो लेख एक मानसशास्त्रज्ञ आणि एक कायद्याचा प्राध्यापक यांनी मिळून लिहिला होता. सहकार्याचा इतका चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही.

दरम्यान १९९० मध्ये मिनेसोटातल्या एका कौटुंबिक वकिलाने वेगळीच वाट काढली होती. तडजोडीसाठीच वकीलपत्र घ्यायचं, बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं आणि खटला दुसऱ्या वकिलांनी लढवायचा. तडजोड मोडली तर वकिलाचं कामही जातं, म्हणून तो ती मनापासून घडवतो, हा त्यामागचा हिशेब. पुढच्या काही वर्षांत तडजोडीच्या या टेबलाभोवती मानसशास्त्रज्ञ आणि आर्थिक सल्लागारही येऊन बसले.

माघारीच्या या अटीवरच मोठं वादंग झालं. अट दोन्ही पक्षकार आणि त्यांचे वकील अशा चारही जणांच्या करारात असते, म्हणजे वकील समोरच्या पक्षालाही बांधील होतो. मग अशिलाशी निष्ठा कुठे राहिली? फेब्रुवारी २००७ मध्ये कोलोरॅडोतल्या वकिलांच्या संघटनेने ही पद्धत व्यवसायनीतीत बसत नाही असं मत दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने उलट मत दिलं: अशिलाला नीट समजावून त्याची संमती घेतली असेल, तर मर्यादित कामासाठीच वकीलपत्र घेण्यात गैर नाही. आक्षेप पोकळ नव्हता. ज्याच्याकडे दुसऱ्या वकिलाची फी भरायला पैसे नाहीत, तो बोलणी मोडायलाच घाबरतो आणि नको ती तडजोड गिळतो. पद्धतीचे समर्थक हा मुद्दा फार भरभर ओलांडतात.

या पद्धतीसाठीच्या २००९ च्या नमुना कायद्याने (राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या मसुद्याने), ज्यात २०१० मध्ये दुरुस्त्या झाल्या, माघारीची सक्ती वकील आणि त्याच्या फर्मवर घातली. मानसशास्त्रज्ञाला त्यात ‘पक्षकार नसलेला सहभागी’ धरलं आहे. या बैठकांत तो जे बोलला ते पुढे पुरावा म्हणून येऊ नये, असं तो म्हणू शकतो. पण पुढच्या खटल्यात त्याने कुठलंही काम घ्यायचं नाही, ही अट बहुधा करारात वेगळी लिहावी लागते. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे.

शब्दांचा गुंताही इथलाच. टेबलावरच्या मानसशास्त्रज्ञाला ‘कोच’ म्हणतात. तो पक्षकाराला राग आवरायला, मुद्द्यावर यायला मदत करतो, पण उपचार करत नाही. मुलाशी बोलणारा तज्ज्ञ वेगळा. तोही उपचार करत नाही आणि मूल्यमापनही नाही. मुलाचं म्हणणं आईबापांपर्यंत पोचवतो. वकिलांनी आठवड्याची वाटणी चोख आखलेली असते, तेव्हा ‘रविवारी रात्री नऊला घर बदललं तर सोमवारी शाळेत हा झोपेल’ हे सांगणारा तो. मात्र कोचकडे रडणाऱ्या माणसाला आपल्यावर उपचार चालू नाहीत हे कितपत उमजतं, कोण जाणे.

निकालानंतरच्या किरकोळ भांडणांसाठी नेमलेल्या पालक-समन्वयकाचा प्रवास असाच वाकडातिकडा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही नेमणूकच बंद केली, ताब्याबाबत निर्णय फक्त न्यायाधीशाने घ्यायचे म्हणून. २०१९ मध्ये ती परत आली, पण दात काढून. आता अनुभवी कौटुंबिक वकील किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातली व्यक्ती, दोघांपैकी कोणीही हे काम करू शकतं. मूल कुठे, कधी हातात द्यायचं यावर तो शिफारस करतो. ताबा बदलणं किंवा पैशांचा वाद त्याच्या हद्दीबाहेर, आणि शिफारशीवर शेवटची सही न्यायाधीशाचीच.