आधी शीर्षकपान, मग पुस्तक

बडोदे संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर निबंध लिहायला घेतलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे चौदा पानांची झेरॉक्स घेऊन आली. जुन्या मराठी पुस्तकातले एक प्रकरण होते. पहिल्याच पानावर आकडा २१३. पुस्तक कोणाचे, असे विचारले तर म्हणाली, "सर, पीडीएफ आहे." कधीचे? "ग्रुपवर गेल्या आठवड्यात आले." तिने मजकूर मन लावून वाचला होता, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले होते. तिला बोल लावण्यासारखे काहीच नव्हते. तिच्या हाती पुस्तक आलेच नव्हते, नुसता गर आला होता. मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याच्या पाठचे पान, प्रस्तावना, सूची हे सगळे वाटेत गळून पडले होते.

माहितीची पारख शिकवायची तर मजकुराच्या भोवती जे असते तिथून सुरुवात करावी, असे आता बरेच ग्रंथपाल आणि प्राध्यापक म्हणू लागले आहेत. हे नवे खूळ नाही. त्याची मुळे खोल आहेत आणि त्यांतले एक आमच्या बडोद्याच्या मातीत आहे.

या भोवतालाला नाव दिले ते फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट यांनी. १९८७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ 'उंबरठे' असा आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९७ मध्ये आले. शीर्षक, लेखकाचे नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, तळटीपा, मलपृष्ठावरचा मजकूर या सगळ्यांना मिळून त्यांनी पॅराटेक्स्ट म्हटले. त्यातही दोन घरे केली. पुस्तकाच्या अंगावरच असते ते पेरिटेक्स्ट. पुस्तकाबाहेर राहून पुस्तकाविषयी बोलते ते एपिटेक्स्ट: लेखकाच्या मुलाखती, पत्रे, रोजनिशी, प्रकाशकाची जाहिरात. उंबरठा हा शब्द मला फार नेमका वाटतो. उंबरठ्यावर पाऊल थबकते, घर कोणाचे आहे ते आधी कळते आणि मगच आपण आत जातो. जेनेट यांना यातून साहित्याची उकल करायची होती. मुलांना खरे-खोटे ओळखायला शिकवणे हा त्यांचा विषय नव्हता. ती जोड पुढे शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी दिली.

नाव विसाव्या शतकातले असले तरी व्यवहार पोथ्यांच्या काळापासूनचा आहे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असे: ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी केली, कोणत्या गावी, कोणत्या तिथीला, कोणासाठी. पुष्कळ लेखनिक त्याखाली एक श्लोक जोडत: 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. समोरचे पुस्तक जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. वाचणाऱ्याला ही उघड सूचना होती की हातातली वस्तू नक्कल आहे आणि नकलेत चूक असू शकते. आजच्या किती फॉरवर्डखाली एवढा प्रामाणिकपणा सापडतो?

मराठीतले सर्वांत ओळखीचे उदाहरण ज्ञानेश्वरीचे. शेवटी छापल्या जाणाऱ्या ओवीत शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हे वर्ष आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. त्यापुढे एकनाथांच्या ओव्या आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी अशुद्ध झालेली प्रत आपण शुद्ध केली असे नाथ सांगतात आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावतात. रचना कधीची, संपादन कधीचे, संपादक कोण, संपादनाची गरज का पडली, हे सारे त्या चार-सहा ओव्यांत आहे. पारायणात आपण त्या म्हणून टाकतो. वर्गात मात्र त्या थांबून वाचण्यासारख्या आहेत.

पत्रव्यवहारातही हीच दक्षता होती. पेशवाईतल्या मोडी पत्रांवर मजकूर संपला तिथे 'लेखनसीमा' हा शिक्का पडे. त्याखाली कोणी ओळ वाढवली तर ती परकी आहे हे ताबडतोब कळे. मजकूर कुठे संपतो हे दाखवणे हा त्याच्या खरेपणाचाच भाग होता.

छापखाने आले आणि शेवटी लिहायची माहिती पुढे सरकून शीर्षकपानावर बसली. ब्रिटिश हिंदुस्थानात तिला कायद्याचे बळ मिळाले ते १८६७च्या मुद्रणालये आणि पुस्तके नोंदणीच्या कायद्याने. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, आणि पुस्तक प्रकाशित होणार असेल तर प्रकाशकाचे नाव व ठिकाण, स्पष्ट छापणे बंधनकारक झाले. सरकारकडे प्रती द्याव्या लागत. त्यांवरून दर तिमाहीला याद्या निघत आणि त्यांत भाषा, विषय, पाने, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, किंमत असा सगळा तपशील असे. अठराशे सत्तावन्नला उणीपुरी दहा वर्षे झाली होती. छापील शब्दावर नजर ठेवणे हा या नोंदणीमागचा एक हेतू होता. पण राज्यकर्त्यांच्या त्या नजरेमुळेच एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा माग आपल्याला आज काढता येतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. तीतल्या नोंदी चाळताना कळते की पुस्तकाची ओळख त्याच्या अंगावरच्या चार ओळींवर किती विसंबलेली असते. तो १८६७चा कायदा आता रद्द झाला आहे. त्याची जागा घेणारा २०२३चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली.

आता बडोदे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर अक्षरे पुसली जातात, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डेन या ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. त्याच वर्षी मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहू लागले आणि त्याला राजवाड्यातल्या पुस्तकांचा पाया मिळाला. १९११ मध्ये बोर्डेन यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग काढला, आणि गावोगाव पेटीतून फिरणारी ग्रंथालये सुरू झाली. १९१२ पासून ग्रंथालयांविषयी एक नियतकालिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ड्यूई आणि कटर या अमेरिकन ग्रंथपालांच्या पुस्तके लावण्याच्या पद्धती जुळवून बोर्डेन यांनी बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरणही बसवले. १९१३ मध्ये ते परत गेले, पण घडी मोडली नाही.

त्या प्रशिक्षण वर्गात काय शिकवत असतील? पुस्तक हातात घेतले की शीर्षकपान वाचायचे, पाठचे पान वाचायचे, प्रस्तावनेवरून आवाका ताडायचा, अनुक्रमणिकेवरून विषय ठरवायचा. ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद करणारा सूचीकार सगळे पुस्तक वाचत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. तो उंबरठ्यावरून घराची पारख करतो. पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी याचा नियमच बांधला: नोंदीचे शीर्ष शीर्षकपानावरून आणि त्याच्या पुरवणी पानांवरून ठरावे. माझ्या मते आपल्या ग्रंथालयांची एक उणीव इथेच आहे. भोवताल वाचण्याचे कसब होते, पण ते सूचीकाराच्या टेबलापाशीच राहिले. वाचकाला मिळाले तयार कार्ड. पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे आम्ही मुलांना सांगत राहिलो, पुस्तक कोण आहे हे कसे ओळखायचे ते सांगितले नाही. माझ्या पिढीचे शिक्षकही यात आले.

बडोद्यात याच कसबाचे एक फार मोठे काम झाले. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ साली राजशेखराच्या काव्यमीमांसेने सुरू झाली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते विद्यापीठात आले, आणि वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच सात खंडांत १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. त्यातले कोणतेही पान उघडा. वर श्लोक असतात आणि खाली बारीक टाइपात पाठभेद: कोणत्या लिपीतल्या कोणत्या पोथीत काय आहे. कित्येक पानांवर तळाचा मजकूरच वरच्यापेक्षा जास्त आहे. मुलांना ते पान दाखवले की पहिला प्रश्न येतो, "मग खरे कोणते?" या प्रश्नासाठीच मी ते दाखवतो.

परदेशात ग्रंथालयाचा वापर शिकवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली होती, पण 'माहिती साक्षरता' हा शब्दप्रयोग रूढ व्हायला लागला तो १९७४ पासून. अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुर्कोव्स्की यांनी तो एका सरकारी आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात वापरला. कामाच्या ठिकाणी माहितीची साधने वापरता येणे, एवढाच त्यांचा रोख होता. १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने त्याला नागरिकत्वाशी जोडले: माहिती केव्हा हवी हे ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि वापरणे. महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी २००० साली मानके आली. २०१६ मध्ये ती मागे घेऊन नवी चौकट स्वीकारली गेली. तिच्यात म्हटले आहे की अधिकार हा घडवलेला असतो आणि संदर्भानुसार बदलतो. कोणाला जाणकार म्हणायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न त्यात आहे.

मधल्या काळात सगळीकडे चालली ती पडताळणीची यादी. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झालेली पाच कसोट्यांची यादी जगभर गेली: माहिती ताजी आहे का, कामाची आहे का, लिहिणारा अधिकारी आहे का, मजकूर अचूक आहे का, हेतू काय. प्रश्न चांगले आहेत, पण मुले त्यांची उत्तरे त्याच पानावर शोधतात. फसवणाऱ्यालाही उंबरठा सजवता येतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत नावाने जवळजवळ सारख्या दोन बालरोग संघटना होत्या, एक हजारो डॉक्टरांची जुनी आणि दुसरी तिच्यातून फुटून निघालेली लहानशी. बरेच विद्यार्थी आणि काही इतिहासकारही देखण्या पानाला भुलले. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी नवी खिडकी उघडून या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. जेनेट यांच्या भाषेत सांगायचे तर ते पेरिटेक्स्ट सोडून एपिटेक्स्टकडे गेले. भोवताल वाचणे म्हणजे मुखपृष्ठावर विश्वास ठेवणे नव्हे, हे मला त्या अभ्यासातून कळले.

आपल्याकडे याचे रोजचे उदाहरण आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचे. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० मध्ये आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. तो पुस्तकाची ओळख पटवतो, त्याचा दर्जा सांगत नाही. भारतात तो विनामूल्य मिळतो. नियतकालिकांचा आयएसएसएनही तसाच, ओळखीपुरता. तरी मुलांना, आणि खेदाने सांगतो, काही प्राध्यापकांनाही तो सरकारी पसंतीचा शिक्का वाटतो. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्यावरच फावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये दर्जेदार नियतकालिकांची यादी ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती बंद केल्याचे कळवले. आता निवड शिक्षणसंस्थांकडे आहे. म्हणजे पारख पुन्हा वाचणाऱ्याच्या अंगावर आली.

आमच्या वर्गात मी पुस्तकांचा मजकूर रबरबँडने बांधून देतो. मुलांना फक्त पुढची आणि मागची पाने उघडता येतात. बडोद्यात एक जास्तीची अडचण येते आणि तिचा मला उपयोगच होतो. इथल्या जुन्या पुस्तकांवर कधी शक असतो, कधी विक्रम संवत, कधी इसवी सन. शक आणि संवत यांत १३५ वर्षांचे अंतर आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली मुले शाळा गुजराती किंवा इंग्रजीतून शिकलेली असतात. नुसता आकडा पाहून ती पुस्तक शतकभर पुढे-मागे करतात. मग कोणीतरी मुद्रकाचे नाव बघते, कोणी किंमत रुपये-आण्यांत आहे हे दाखवते, कोणी 'पुनर्मुद्रण' आणि 'दुसरी आवृत्ती' यांतला फरक काढते. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात बहुधा तोच असतो. अर्पणपत्रिकेवर एकदा अर्धा तास वाद झाला. राजाला अर्पण केलेल्या पुस्तकात राजाविषयीचे प्रकरण कसे वाचायचे? मी काही बोललो नाही, त्यांचे चालू दिले.

त्या मुलीला मी पुस्तक शोधायला पाठवले. चौदा पानांतल्या मजकुरावरून आणि पानांच्या माथ्यावर छापलेल्या प्रकरणाच्या नावावरून तिने चार दिवसांत मूळ प्रत गाठली. तिच्या निबंधात अमरेलीच्या प्रयोगाचे वर्ष १८९८ पडले होते, कारण झेरॉक्समध्ये तेच छापलेले होते. पुस्तकाच्या अगदी शेवटी, जाहिरातींच्या आधी, शुद्धिपत्राचे एक पान होते. स्कॅन करणाऱ्याने ते घेतले नव्हते. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिले होते: पृष्ठ २१९, अशुद्ध १८९८, शुद्ध १८९३.