स्फोटभार सादृश्यीकरण, वाहनांवरील
सुरुंगाच्या स्फोटाने वाहनाचा तळ किती वाकेल आणि आत बसलेल्या माणसांना किती इजा होईल, हे संगणकावर आधी अजमावण्याची रीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अभियंत्यांच्या बोलीत ‘ब्लास्ट रन’.

साऱ्याचा पाया प्रमाणित अंतर, म्हणजे स्फोटकेंद्रापासूनचे अंतर भागिले भाराचे (स्फोटकाच्या वजनाचे) घनमूळ; ते सारखे तर दाबही सारखा. हा नियम बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी ब्रिटनमध्ये १९१५ च्या सुमारास मांडला. कार्ल क्रान्झ यांनी जर्मनीत तो १९२६ मध्ये, बहुधा स्वतंत्रपणे, मांडला. हॉपकिन्सन यांचे टिपण लष्करी मंडळाच्या इतिवृत्तातले, तर क्रान्झ यांचे विवेचन प्रक्षेपशास्त्राच्या ग्रंथातले. अग्रक्रम हॉपकिन्सन यांचाच मानावा, तरी ‘हॉपकिन्सन-क्रान्झ नियम’ हे जोडनाव रूढ आहे.

किंगरी व बुलमॅश यांनी १९८४ मध्ये चाचण्यांवरून बसवलेली समीकरणे ‘कॉनवेप’ या स्फोटपरिणाम मोजणाऱ्या संगणकप्रणालीत आहेत. एलएस-डायना या सादृश्यीकरणाच्या प्रणालीत ती दाब थेट पत्र्यावर लावतात. हवेची जाळी (गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे) लागत नाही, त्यामुळे उत्तर लवकर मिळते. जमिनीवरील अर्धगोल भारासाठी त्यांची खालची मर्यादा सुमारे ०.१८ मी./किग्रॅ.^१/३. भार १० किग्रॅ. आणि तळ ४० सेंमी. वर असेल, तर प्रमाणित अंतर येते ०.१९. आकडा मर्यादेत बसतो, पण सुरुंग पुरलेला असतो आणि या समीकरणांत माती नाही. वर उसळणारी माती आवेग तळाच्या मधोमध एकवटते. ओली माती तो आणखी वाढवते. ठाणे खाडीकाठची चिकणमाती आणि पारसिक डोंगराकडचा मुरूम यांना एकच मृदा-प्रतिमान लावणे चूक.

अशा वेळी एएलई (आर्बिट्ररी लॅग्रांजियन-ऑयलेरियन) पद्धत घ्यावी. हवा, माती आणि स्फोटवायू तिच्यात जाळीतून वाहतात. स्फोटवायूचा दाब जोन्स-विल्किन्स-ली समीकरणावरून काढतात. जाळी भरड असली तर दाबाचे शिखर बोथट होते आणि पत्र्यातून वायू ‘गळतो’. एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, १९७७) व अन्य कणपद्धती, ज्यांत जाळीऐवजी सुटे कण असतात, मातीसाठी सोयीच्या. दूरच्या, उघड्यावरच्या स्फोटाला मात्र कॉनवेप पुरते.

वाहनांच्या संरक्षणाच्या पातळ्या ठरवणाऱ्या स्टॅनॅग ४५६९ या नाटो मानकात सुरुंगासाठी दुसऱ्या पातळीला ६, तिसऱ्या पातळीला ८ आणि चौथ्या पातळीला १० किग्रॅ. भार धरतात, चाकाखाली ‘अ’, पोटाखाली ‘ब’. मुख्य निकष पत्र्याचा नसून माणसाचा: चाचणी-पुतळ्याच्या नडगीवरील दाबबल ५.४ किलोन्यूटनच्या आत हवे. म्हणून तळ आणि पायाखालची फळी यांमधली मोकळी जागा प्रतिमानात काटेकोर ठेवावी लागते. वाकलेला तळ फळीला टेकला की धक्का थेट टाचेत जातो.