पेनड्राईव्हवरचा व्हिडिओ मधेच का अडकतो, त्यामागची सगळी गोष्ट

अकोल्याला मावशीकडे लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये एक लाल मखमली डबी आहे, त्यात दादाच्या लग्नाचा पेनड्राईव्ह. लग्न २०१६ चं, व्हिडिओवाल्याने डीव्हीडीऐवजी हा ३२ जीबीचा पेनड्राईव्ह दिला होता. सुरुवातीला दोन-तीनदा सगळ्यांनी बसून बघितला, मग सात-आठ वर्षं कोणी डबी उघडलीच नाही. गेल्या दिवाळीत काढून टीव्हीला लावला तर मंगलाष्टकं व्यवस्थित झाली, आंतरपाट खाली गेला, आणि सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला चित्र जे थांबलं ते थांबलंच. आवाज दोन-तीन सेकंद पुढे गेला आणि तोही बंद. परत लावला, परत तिसऱ्याच पावलाला. मावसभाऊ म्हणे टीव्ही जुना झालाय, काका म्हणे फॉरमॅट मारून बघू, आणि मी पेनड्राईव्ह काढून खिशातच घातला, कारण फॉरमॅट मारलं असतं तर जे वाचण्यासारखं होतं तेही हाताबाहेर गेलं असतं.

"व्हिडिओ मधेच थांबतो" हे आपण एका दमात बोलतो, पण त्यात पाच-सहा वेगवेगळे आजार आहेत, आणि कुठला आजार ते व्हिडिओ नक्की कुठे आणि कसा थांबतो त्यावरून बऱ्यापैकी कळतं. दर वेळी त्याच जागी थांबला तर एक गोष्ट, वेगवेगळ्या जागी थांबला तर दुसरी, मुळात उघडलाच नाही तर तिसरी, चित्र दिसतंय पण आवाज नाही तर आणखी वेगळी. हे असं का, ते समजायला जरा मागे जावं लागतं, कारण पेनड्राईव्ह, त्यावरची फाईल मांडायची पद्धत आणि व्हिडिओचा फॉरमॅट हे तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगळ्याच कामासाठी बनवलेत.

आधी चिप. पेनड्राईव्हमधल्या चिपला फ्लॅश मेमरी म्हणतात. ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली, १९८४ मध्ये पहिला प्रकार मांडला आणि १९८७ मध्ये नँड नावाचा दुसरा, जो आज प्रत्येक पेनड्राईव्हमध्ये असतो. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, मेमरीचा अख्खा भाग एका झटक्यात पुसला जातो ते बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणून. एवढा मोठा शोध, पण त्याच्या मोबदल्यासाठी मासुओकांना स्वतःच्याच कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये ज्याचं काम आहे त्याला एवढंच, हे मला आजही खटकतं.

तर या चिपमध्ये माहिती म्हणजे काय, तर बारीक बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, ठेवायचे, म्हणजे कप्पा भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं. मग स्वस्तात जास्त जीबी द्यायचे म्हणून एका कप्प्यात दोन बिट आले, म्हणजे चार पातळ्या ओळखायच्या, मग तीन बिट आले, म्हणजे आठ पातळ्या. आता त्याच एवढ्याशा कप्प्यात आठ पातळ्या ओळखायच्या तर इलेक्ट्रॉन थोडे जरी गळले तरी पाचवी पातळी चौथीसारखी दिसायला लागते. आणि गळतात ते, पेनड्राईव्ह वापरला नाही तरी गळतात, उष्णता असेल तर जास्त भरभर गळतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लोखंडी कपाट दिवसभर तापतं, त्यात असे सात-आठ उन्हाळे. आपल्याला वाटतं जपून ठेवलंय म्हणजे सुरक्षित आहे, पण चिपला जपून ठेवल्याचा काही उपयोग नसतो.

म्हणूनच तिसऱ्या पावलाला थांबणं. पेनड्राईव्हच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो, तो वाचताना चुका दुरुस्त करत जातो, एखाद्या ठिकाणी चुका फार झाल्या की तोच भाग परत परत वाचून बघतो, तेवढा वेळ टीव्ही वाट बघतो, आणि शेवटी टीव्हीचा संयम संपतो. दर वेळी त्याच सेकंदाला अडकत असेल तर पहिला संशय त्या जागेवरच घ्यायचा, म्हणजे चिपचा तेवढा भाग गेलाय नाहीतर कॉपी करतानाच फाईल तिथे बिघडलीये.

पेनड्राईव्ह बाजारात आला २००० साली, सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राईव्ह आणि इस्रायलच्या एम-सिस्टीम्सचा डिस्क-ऑन-की, जो आयबीएमने ८ एमबीचा विकला. ८ एमबी! म्हणजे त्याला जागा घ्यायची होती फ्लॉपीची, वर्डच्या चार फाईली इकडून तिकडे न्यायच्या, एवढंच. सिनेमा त्यावरून बघतील असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आणि फ्लॉपीची जागा घ्यायची म्हणून फ्लॉपीच्याच काळातली फाईल मांडायची पद्धत त्यावर आली, फॅट. फॅटचा जन्म १९७७ चा, मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी बनवलेली, मग विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये गेली, मग १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ झाली.

आता हा फॅट३२ चा मुद्दा जरा सविस्तर सांगतो कारण निम्मी भांडणं इथली आहेत. फॅटमध्ये प्रत्येक फाईलची एक नोंद असते, नाव, तारीख, आणि फाईलचा आकार. आकार लिहायला जागा ठेवलीये ३२ बिटची, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९४,९६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाईट कमी. १९९६ मध्ये घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्डडिस्क एक-दोन जीबीची असायची, तेव्हा एकच फाईल ४ जीबीच्या वर जाईल याची काळजी कोण करणार. पण पुढे एचडी आलं, लग्नाचं शूटिंग तीन तासांचं, आणि पेनड्राईव्हवर टाकताना विंडोज म्हणतं फाईल फार मोठी आहे, जागा तर २० जीबी रिकामी दिसतेय. मग व्हिडिओवाले फाईलचे तुकडे पाडायला लागले, पार्ट १, पार्ट २, पार्ट ३. कितीतरी कॅमेरेसुद्धा याच कारणाने ४ जीबी झालं की स्वतःहून नवी फाईल सुरू करतात. त्यामुळे कधी कधी "अर्ध्यात थांबतो" म्हणजे खरं तर तो तुकडा संपलेला असतो आणि पुढचा तुकडा कॉपीच केलेला नसतो, हे आधी बघून घ्या.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणलं, त्यात ही ४ जीबीची अडचण नाही, पण ते बरीच वर्षं पेटंट आणि लायसन्समध्ये अडकलेलं होतं. टीव्हीच्या आत बहुतेक वेळा लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, असतं, आणि लिनक्समध्ये एक्सफॅट अधिकृतपणे यायला २०१९ उजाडलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची सगळी माहिती खुली केली तेव्हा. म्हणून त्याआधीचे कितीतरी टीव्ही एक्सफॅटचा पेनड्राईव्ह लावला की ओळखतच नाहीत, आणि ६४ जीबीचे पेनड्राईव्ह फॅक्टरीतूनच बहुतेक एक्सफॅट होऊन येतात. टीव्हीला दिसत नाही पण लॅपटॉपवर सगळं दिसतंय, असं असेल तर पेनड्राईव्ह खराब नाही, त्या दोघांची भाषा जुळत नाही एवढंच.

भाषेवरून आठवलं, फाईलला "ताईचं लग्न" असं मराठीत नाव दिलं तर ते पेनड्राईव्हवर नीट साठवलं जातं, विंडोज ९५ पासूनची लांब नावांची सोय युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत, आहे, पण आमच्या जुन्या टीव्हीत देवनागरी फॉन्ट नाही म्हणून तिथे नुसते चौकोन दिसतात. व्हिडिओ चालतो, कुठला कोणाचा ते कळत नाही. टीव्हीसाठी नाव इंग्रजी अक्षरांत दिलेलं बरं, नाईलाज आहे.

आता कॉपी. स्वस्त पेनड्राईव्हचा लिहायचा वेग सेकंदाला ५ एमबी असला तर ४ जीबीला तेरा-चौदा मिनिटं लागतात, पण कॉम्प्युटर आधी आपल्या मेमरीत घेतो आणि मग सावकाश लिहीत बसतो. पडद्यावर १०० टक्के दिसतं, पेनड्राईव्हचा दिवा मात्र लुकलुकतोय. आपण ओढून काढतो, फाईलचं नाव दिसतं, आकारही बरोबर दिसतो, आणि शेवटचा भाग नुसता कचरा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी ही सवय बदलली आणि लगेच लिहायचं हे डिफॉल्ट केलं, लिनक्समध्ये अजून आधीसारखंच आहे. इजेक्ट करा, दिवा थांबू द्या, खरंच करा हे.

आणि यात एमपी४ वाल्यांचं नुकसान सगळ्यात जास्त, कारण बऱ्याच एमपी४ फाईलींमध्ये कुठला फ्रेम कुठे आहे त्याची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं की सुरुवातीचा दोन तासांचा व्हिडिओ जागेवर असूनही प्लेअरला तो उघडता येत नाही. २००२ च्या शेवटी सुरू झालेलं एमकेव्ही, म्हणजे व्हिडिओ फाईलचा दुसरा एक प्रकार, याबाबतीत सोशिक आहे, तुटलं तरी असेल तिथपर्यंत चालतं.

खोट्या जीबीचे पेनड्राईव्ह हा तर सरळ फसवणुकीचा प्रकार. चिप असते ८ जीबीची, पण कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, तो सांगतो १२८. फॅटची यादी डिस्कच्या सुरुवातीलाच असते, ती खऱ्या चिपवर बसते, म्हणून सगळ्या फाईलींची नावं झकास दिसतात. पहिले तीन-चार व्हिडिओ चालतात, पुढचे चालत नाहीत, कारण त्यांचा डेटा कुठे लिहिलाच गेलेला नाही नाहीतर आधीच्यावरच लिहिला गेलाय. नवीन पेनड्राईव्ह रस्त्यावरून किंवा भलत्या स्वस्तात घेतला असेल तर रिकामा असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा, वेळ लागतो पण खरंखोटं कळतं.

व्हिडिओ मुळातच चालत नाही किंवा आवाज नाही, तो प्रांत कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या आणि परत उलगडायच्या पद्धतीचा. व्हीसीडीच्या काळात एक सिनेमा दोन-तीन सीडींवर यायचा, १९९८-९९ च्या सुमाराला फ्रान्सच्या जेरोम रोटा यांनी मायक्रोसॉफ्टचा कोडेक फोडून डिव्हएक्स केलं आणि तोच सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बसायला लागला, मग २००३ मध्ये एच.२६४ नावाचा कोडेक आला, २०१३ मध्ये त्याच्या पुढचा एचईव्हीसी. टीव्हीत हे उलगडायची चिप जन्मतःच ठरलेली असते, म्हणून २०१२ च्या टीव्हीला आजच्या मोबाईलवरचा एचईव्हीसी व्हिडिओ दिला तर तो बिचारा काय करणार. आवाजाचं तर लायसन्सचं प्रकरण आहे, २०१८ च्या सुमाराला काही मोठ्या कंपन्यांनी डीटीएस नावाच्या आवाजाच्या कोडेकचं लायसन्स घेणंच थांबवलं, म्हणून त्यानंतरच्या काही महागड्या टीव्हीवर चित्र आणि शांतता. त्यात पेनड्राईव्हचा काही दोष नाही.

वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर आधी पोर्ट बदलून बघा, एक्स्टेन्शन वायर काढा, पेनड्राईव्ह हाताला फार गरम लागतोय का बघा.

तर अकोल्याचा पेनड्राईव्ह. पुण्याला आल्यावर लिनक्सच्या लॅपटॉपला लावला, त्यावर काहीही न लिहिता डीडीरेस्क्यूने पूर्ण पेनड्राईव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायला लावली. ते सॉफ्टवेअर आधी जे सहज वाचता येतं ते सगळं घेतं आणि अडलेल्या जागांवर नंतर परत परत येतं, साध्या कॉपी-पेस्टसारखं पहिल्या एररला थांबत नाही. रात्री लावून झोपलो, सकाळी बघितलं तर पार्ट १ च्या ३.४ जीबीतलं सगळं आलेलं, फक्त ६ एमबी नाही. अनुक्रमणिका शेवटी होती ती शाबूत, म्हणून फाईल उघडली, पार्ट २ आणि पार्ट ३ ला तर काहीच झालेलं नव्हतं. त्या व्हिडिओच्या हिशोबाने ६ एमबी म्हणजे साधारण सहा सेकंद. तिसऱ्या पावलाला चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि पाचव्या पावलाला वहिनी परत दिसते. दोन हार्डडिस्कवर कॉपी ठेवल्या, एक मावशीकडे पाठवली, आणि तो पेनड्राईव्ह तिने परत त्याच लाल डबीत ठेवलाय.