रेशन कार्डात नाव नसलेली चावी

दादर स्टेशनाबाहेरच्या चावीवाल्यानं कानस चालवून दहा मिनिटांत माझ्या गाडीची डुप्लिकेट चावी हातात ठेवली. दार उघडलं, स्टिअरिंगचं लॉक सुटलं, स्टार्टर मारल्यावर इंजिन हुंकारलंसुद्धा. आणि दोनेक सेकंदांत गप्प! मीटरमध्ये चावीचं चिमुकलं चित्र लुकलुकत होतं. दात बरोबर होते. नव्हती ती मूळ चावीच्या काळ्या डोक्यात असणारी चिप.

नखावर मावेल एवढी ही चिप बॅटरीशिवाय चालते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यात सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं करणारा प्रवाह सुरू होतो आणि चिपच्या इवल्या वेटोळ्यात वीज उमटते. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, फक्त मधे हवा. म्हणून तर रिमोटचा सेल मेला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते. रिमोट हे त्याच डोक्यातलं वेगळं बिऱ्हाड.

सुरुवातीच्या चिप एक ठरलेला क्रमांक सांगून मोकळ्या व्हायच्या; तो दुसऱ्या चिपमध्ये उतरवणं सोपं होतं. मग गाडीच परीक्षा घेऊ लागली. दर वेळी नवा आकडा पाठवायचा, चिपनं आपल्या गुप्त संकेताशी तो घोळवून उत्तर काढायचं. उत्तर जुळलं नाही तर इंजिनाला इंधन नाही. अर्थात संकेतही लांबलचक हवा. एका खूप खपलेल्या चिपमध्ये तो 40 बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा 40 अंकांचा होता; सुमारे 1.1 लाख कोटी शक्यता. ऐकायला भरपूर, पण 2005 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीज या संगणक-सुरक्षेच्या प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तो फोडला.

चिपवाली चावी करून घ्यायला मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न: "साहेब, घरात अजून किती चाव्या आहेत? सगळ्या आणा." मला वाटलं, हा चावी शिकवणार. प्रत्यक्षात शिकते ती मुख्यतः गाडी. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला त्यानं स्कॅनर जोडला, गाडीचा गुप्त पिन क्रमांक टाकला आणि एकेक चावी लावून फिरवली. रेशन कार्डात नावं चढवावीत तसं! बऱ्याच गाड्यांत नवी यादी करताना जुनी पुसली जाते. त्या वेळी हजर नसलेली चावी घरची असूनही परकी होते. चावी हरवली तर हीच सोय कामाला येते: तिचं नाव कापायचं. सापडणाऱ्याला दार उघडेल, गाडी नेता येणार नाही. मूळ चिपची हुबेहूब नक्कल केली असेल तर मात्र गाडीच्या लेखी दोघी एकच. एकीला काढलं की दुसरीही गेली.

दादरची ती बिनचिपची चावी मी टाकली नाही. सोसायटीत गाड्या धुणाऱ्या पोऱ्याकडे दिली आहे. आतली पायपुसणी झटकायला दार उघडतं, आणि माझी झोप मोडत नाही.