लाल की पांढरा : जुगारावरच्या एका फिलिपिनो एकांकिकेची पार्श्वभूमी

फिलिपिन्समधल्या शाळांत फिलिपिनो भाषेच्या तासाला 'सा पुला, सा पुती' ही एकांकिका वर्षानुवर्षे वाचली जाते आणि वर्गातच बाके बाजूला सारून केलीही जाते. नावाचा अर्थ 'लालवर, पांढऱ्यावर'. कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात पैजा लावणारे अशीच आरोळी ठोकतात. नाटकात घडतं ते एका घरात. कुलास नावाच्या गृहस्थाला झुंजीचा नाद आहे आणि त्याची बायको सेलिंग त्या नादाने घायकुतीला आली आहे. आखाडा रंगमंचावर दिसतच नाही, त्याचा नुसता गलका ऐकू येतो. मुलांना आपली संस्कृती कळावी आणि नीट विचार करून निर्णय घ्यायची सवय लागावी म्हणून शिक्षक हे हलकंफुलकं नाटक हाती घेतात. त्यासाठी जुगाराचाच विषय का, हे समजायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

मॅगेलनच्या सफरीचा बखरकार अंतोनिओ पिगाफेत्ता १५२१ साली पलावान बेटावर होता. तिथले लोक मोठे, माणसाळलेले कोंबडे पाळतात, ते खात नाहीत, एकमेकांशी झुंजवतात, त्यावर पैज लावतात आणि जिंकणाऱ्याच्या मालकाला बक्षीस मिळतं, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे साबोंग, अर्थात कोंबड्यांची झुंज, स्पॅनिश लोकांनी आणलेली नाही. त्यांनी तिला उत्पन्नाचं साधन मात्र केलं. आखाडा चालवण्याचा मक्ता लिलावाने दिला जाऊ लागला आणि त्याचा पैसा वसाहतीच्या तिजोरीत जमा होऊ लागला. झुंजी रविवारी आणि सणाच्या दिवशी, सकाळची मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, आटोपल्यावर. देवळातून बाहेर पडलेला माणूस सरळ आखाड्याकडे वळे आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. सरकार आणि चर्च यांच्या मान्यतेने चाललेल्या गोष्टीला व्यसन म्हणणं किती अवघड असतं, याची मुळं इथे आहेत.

आखाड्याचा कारभार समजून घेतला की नाटकाची गंमत जास्त कळते. झुंजीआधी कोंबड्याच्या पायाला तारी नावाचं धारदार वाकडं पातं बांधतात आणि ते बांधणारा माणूस वेगळा, त्या कामात मुरलेला असतो. ज्या कोंबड्यावर जास्त पैसा लागतो तो 'मेरोन', समोरचा 'वाला'. पैजा घेणाऱ्याला 'क्रिस्तो' म्हणतात, कारण दोन्ही हात पसरून तो गर्दीला हाका देतो तेव्हा क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा दिसतो. तो काहीही लिहून ठेवत नाही. बोटांच्या खुणांवरून कोणी किती लावले हे सगळं डोक्यात. झुंज संपली की हरलेला माणूस पैसे मुकाट्याने त्याच्याकडे पोचते करतो. बुडवून पळणारा फार क्वचित, कारण एकदा पत गेली की त्या गावात पुन्हा पैज लावायची सोय राहत नाही. शब्द पाळण्याची ही रीत फिलिपिनो लोक अभिमानाने सांगतात, आणि त्यांचा अभिमान खरा आहे. या नाटकाकडे संस्कृतीचा धडा म्हणून पाहायचं तर इथपासून सुरुवात करायला हवी, असं मला वाटतं. ज्या जगात आपले आजोबा आणि काका रमले ते नुसतंच वाईट होतं असं मुलांना सांगितलं, तर मुलं ऐकणं बंद करतात.

साबोंगवर पहिला मोठा साहित्यिक घाव घातला तो होसे रिझालने, फिलिपिन्सचा राष्ट्रीय नायक मानल्या जाणाऱ्या लेखकाने. १८८७ साली बर्लिनमध्ये छापलेल्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीत एक अख्खं प्रकरण आखाड्यावर आहे. चिनी लोकांत जशी अफू तसा आपल्या लोकांत हा नाद, असं तो म्हणतो. गरीब माणूस असलेलं नसलेलं पणाला लावायला तिथे जातो. त्या प्रकरणातले तार्सिलो आणि ब्रुनो हे भाऊ मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. शिपायांच्या मारहाणीत त्यांचा बाप गेलेला आहे. आखाड्यात पैसे हरल्यावर लुकास नावाचा माणूस त्यांच्यापुढे पैसे धरतो. अट एकच, बराकीवरच्या हल्ल्यात सामील व्हायचं. आधी ते नाही म्हणतात. मग पुढच्या झुंजीचा मोह होतो आणि ते हो म्हणतात. त्या होकारापायी दोघांचाही जीव जातो. जुगाराने पैसा जातो हे सगळेच सांगतात. हरलेला माणूस दुसऱ्याच्या हातात कसा सापडतो, हे रिझालने दाखवलं.

अमेरिकन राजवटीत जुगाराविरुद्ध कायदे झाले आणि शाळांतून बेसबॉल आला. कोंबड्यांऐवजी पोरांनी चेंडूमागे धावावं, ही त्यामागची एक उघड आशा. बेसबॉल रुजला, साबोंगही टिकला. बाहेरून आलेल्या राज्यकर्त्याने तुमची करमणूक रानटी ठरवली की ती सोडणं म्हणजे हार पत्करल्यासारखं होतं. बंदीच्या मार्गाला आलेल्या अपयशाचं मोठं कारण हे असावं.

रंगभूमीने दुसरी वाट धरली. स्पॅनिश काळात रुजलेल्या संगीत नाटकाला तिथे सार्सुएला म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तागालोग भाषेत बहरली आणि घराघरांतले प्रश्न रंगमंचावर आले. हर्मोखेनेस इलागानची 'दालागांग बुकिद' ही त्यातली अतिशय लोकप्रिय सार्सुएला. फुलं विकणारी आंखेलिता विधीचं शिक्षण घेणाऱ्या सिप्रियानोवर प्रेम करते. तिचे आईबाप जुगारात बुडालेले, म्हणून पैशासाठी ते तिला सिल्व्हेस्त्रे या म्हाताऱ्या सावकाराच्या गळ्यात बांधायला निघतात. आतांग दे ला रामा या गायिकेने आंखेलिता गाजवली. १९१९ साली होसे नेपोमुसेनोने याच नाटकावर चित्रपट काढला. फिलिपिनो माणसाने बनवलेला पहिला कथापट म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे त्या देशाच्या चित्रपटाची सुरुवातच जुगारी आईबापांच्या गोष्टीने झाली. त्या गोष्टीत जुगारी दुष्ट आहेत आणि त्यांची मुलगी निष्पाप. प्रेक्षक रडतो, जुगाऱ्याला शिव्या देतो आणि घरी जातो. आपण स्वतः त्यात कुठे आहोत, हा प्रश्न त्याला पडत नाही.

तो प्रश्न 'सा पुला, सा पुती'ने पाडला. लेखक फ्रान्सिस्को रॉद्रिगो, लोकांच्या तोंडी 'सॉक' रॉद्रिगो. जन्म १९१४ चा, बुलाकान प्रांतातला. पेशाने वकील, पुढे १९५५ ते १९६७ अशी बारा वर्षं सिनेटर. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने लष्करी कायदा लावला तेव्हा तुरुंगात टाकलेल्या विरोधकांत तेही होते, आणि मार्कोस गेल्यावर १९८६ च्या घटना आयोगात ते सदस्य होते. तागालोगमध्ये कविता करणारा, लोकांच्या बोलीवर पकड असलेला हा माणूस. कुलास-सेलिंगचे संवाद आजही मुलांच्या तोंडी सहज बसतात ते त्यामुळे.

कथानक छोटं आहे, पण त्याची वीण घट्ट आहे. कुलास दर वेळी आपल्या कोंबड्यावर पैसे लावतो. सेलिंग त्याला अडवून थकली आहे, म्हणून तिने गुपचूप एक युक्ती काढली आहे. नवरा पैसे घेऊन गेला की ती शेजारच्या सियोनिंगला तितकेच पैसे देऊन समोरच्या कोंबड्यावर लावायला पाठवते. कुलास हरला तर ती जिंकते, तो जिंकला तर ती हरते; घरचा पैसा घरात. इकडे कुलासला कास्तोर नावाचा मित्र 'शहाणपण' शिकवतो: आपल्याच कोंबड्याला सुई टोचून अधू कर आणि गुपचूप समोरच्यावर पैसे लाव, हमखास जिंकशील. कुलास तसं करतो. सेलिंगला त्यातलं काही ठाऊक नाही, ती नेहमीप्रमाणे समोरच्यावरच पैसे लावते. आणि सुई टोचलेला कोंबडा जिंकतो. नवराबायको दोघंही बुडतात, दोघांचंही गुपित बाहेर येतं. कुलास जुगार सोडायची शपथ घेतो आणि कोंबडे कापून मित्रांना जेवू घालायचं ठरवतो.

यात एकही खलनायक नाही. कास्तोरसुद्धा मित्राचं भलंच करायला निघाला आहे. मित्राचा शब्द मोडायचा नाही, गोतावळ्यात मिळून राहायचं, ही फिलिपिनो समाजात मोठी मोलाची वृत्ती आहे, आणि कुलास घसरतो तो याच वाटेने. सेलिंगची युक्ती हुशारीची वाटते, पण कागदावर मांडली की तिच्यातली गळती दिसते: आखाडा जिंकलेल्या पैशातून आपला वाटा कापून घेतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी खेळणारं घर दर रविवारी थोडं थोडं गरीबच होतं. शिवाय ती नवऱ्याशी खोटं वागते. तिचं चुकलं की नाही, यावर वर्गात खरा वाद होऊ शकतो.

नाटकाचा एक कच्चा दुवाही इथेच सांगायला हवा. कुलास सोडतो, कारण तो हरला. सुई लागू पडली असती तर? पुढच्या रविवारी तो दोन सुया घेऊन गेला असता. विचाराने घेतलेला निर्णय आणि फटका बसल्यामुळे घेतलेला निर्णय यांत फरक आहे आणि तो नाटक स्वतः सांगत नाही, शिक्षकाला विचारावा लागतो. फिलिपिन्सच्या शाळांत मूल्यशिक्षणाचा वेगळा विषय आहे, त्यात चांगला निर्णय कसा घ्यायचा हा स्वतंत्र भाग येतो. माहिती गोळा करा, हेतू तपासा, परिणाम कोणाला भोगावे लागतील ते पाहा, अशा पायऱ्या मुलांकडून घोकून घेता येतात. कुलासच्या भूमिकेत उभं राहिल्याशिवाय त्यांचा उपयोग कळत नाही.

नाटक वर्गात पोचवणारी माणसंही त्या देशाला मिळाली. सेवेरिनो मोंतानोने १९५० च्या दशकात मनिलातल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात अरीना थिएटर उभं केलं. सजावटीचा खर्च नाही, चारी बाजूंनी प्रेक्षक, छोटी नाटकं. तिथून शिकून गेलेले शिक्षक आपापल्या गावी तेच करत. विल्फ्रिडो मारिया गेरेरोने फिलिपिन्स विद्यापीठाचं फिरतं नाट्यपथक प्रांतोप्रांती नेलं. १९६७ साली सेसिल गिदोते यांनी 'पेता' ही शैक्षणिक नाट्यसंस्था काढली आणि लोकांनी स्वतःच्या प्रश्नांवर स्वतः नाटक रचायचं, ही कार्यशाळेची पद्धत रुजवली.

कायद्याने मात्र शिक्षकाची वाट सोपी केलेली नाही. मार्कोसच्या १९७४ च्या हुकुमाने साबोंगला रविवार, सुट्ट्या आणि गावच्या जत्रेचे दिवस नेमून दिले. गुड फ्रायडे, मतदानाचा दिवस आणि ३० डिसेंबरचा रिझालचा स्मृतिदिन वगळला. रिझालच्या दिवशी तरी झुंज नको, एवढी आठवण सरकारने ठेवली. १९७७ पासून 'पागकोर' ही सरकारी कंपनी जुगारगृहं चालवते. गावात कोणी वारलं की मयताच्या घरी रात्रभर पत्ते चालतात आणि डावातला वाटा अंत्यविधीच्या खर्चाला जातो. आपल्याकडच्या मटक्यासारखा 'हुएतेंग' हा आकड्यांचा खेळ बेकायदा, पण २००० साली त्याच्याच हप्त्यांच्या आरोपावरून राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांवर महाभियोग चालला आणि २००१ च्या जानेवारीत त्यांना जावं लागलं. अशा देशात 'जुगार बेकायदा आहे, म्हणून खेळू नका' हे वाक्य मुलांपुढे टिकत नाही.

मग कोविडच्या काळात आखाडे बंद पडले आणि झुंजी मोबाइलवर आल्या. ई-साबोंगच्या परवान्यांतून सरकारला दरमहा कोट्यवधी पेसो मिळत होते. याच व्यवसायाशी संबंधित तीसहून अधिक माणसं २०२१-२२ मध्ये बेपत्ता झाली. कर्जबाजारी झालेल्या घरांच्या कहाण्या रोज बातम्यांत येऊ लागल्या. अखेर मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ई-साबोंग थांबवला आणि पुढच्या सरकारने तो आदेश कायम ठेवला. इतर ऑनलाइन जुगार चालूच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्यवर्ती बँकेला ई-वॉलेटमधून जुगाराकडे नेणारे दुवे काढायला लावावे लागले.

कुलासला निदान रविवारची वाट पाहावी लागत होती. पैसे सेलिंगकडे मागावे लागत, कोंबडा काखेत मारून सगळ्या गल्लीदेखत जावं लागे. निर्णय बदलायला तेवढ्या जागा होत्या. फोनवर त्यातली एकही उरलेली नाही. मला विचाराल तर आज हे नाटक बसवताना मूळ संहिता जशीच्या तशी करावी आणि नंतर मुलांना एकच काम द्यावं: कुलासच्या हातात कोंबड्याऐवजी फोन द्या, आणि सेलिंगला हे कधी आणि कसं कळेल, तो प्रवेश तुम्ही लिहा.