मराठी अद्भुतकथेची जुनी वाट

हॅरी पॉटरचे जाडजूड खंड मराठीत आले, टॉल्कीनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रयी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली, आणि फँटसी हे बाहेरून आलेलं नवं खूळ आहे असा समज अनेकांच्या मनात घट्ट बसला. छापील मराठीचा इतिहास वेगळंच सांगतो. १८१४ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशन छापखान्यात वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ मोडी लिपीत छापली गेली. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यात सिंहासनावर चढू पाहणाऱ्या राजाला अडवून गोष्ट सांगणाऱ्या बत्तीस पुतळ्या. १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आली. चारचौघांच्या घरातल्या सुखदुःखाची कादंबरी मराठीत रुजायला त्यानंतर कित्येक दशकं जायची होती.

छापखान्याच्या आधीची परंपरा तर आणखी लांब जाते. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडली जाते. मूळ ग्रंथ हरवला, पण त्यातल्या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफल्या. आणि हे सगळं पंडितांचं झालं. घरोघरी श्रावणात बायका ज्या कहाण्या वाचत आल्या, त्यांना कुणी फँटसी म्हटलं नाही, पण जिवतीची कहाणी नीट ऐकून पाहा. निपुत्रिक राणी सुईणीला फितवते. सुईण गरीब ब्राह्मणीचं बाळ पळवते आणि बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवते. ती आई दर शुक्रवारी, माझं बाळ असेल तिथे खुशाल असो, म्हणून तांदूळ उडवते आणि ते दाणे दूर राजवाड्यात मुलाच्या डोक्यावर पडतात. पुढे मोठ्या झालेल्या मुलाचा पाय अंधारात वासराच्या शेपटीवर पडतो, वासराला वाचा फुटते आणि झाकलेलं सत्य बाहेर येऊ लागतं. जिचं ऐकून घेणारं दरबारात कुणी नाही, तिची बाजू वासरू मांडतं. ऐकणाऱ्या बाईला या जादूची गरज का वाटत असेल, हे मला समजावून सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात हीच गरज कादंबरीत उतरली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी, ते काम पुढे नेलं. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा ओघच सुरू झाला. त्यातल्या नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ची (१८६८) प्रस्तावना आजही वाचण्यासारखी आहे. रिसबूड म्हणतात ते थोडक्यात असं: आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही. रोजचं लिहावं तर त्यात चित्त रमत नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं.

पुढच्या समीक्षकांनी या कादंबऱ्यांकडे पलायन म्हणून पाहिलं. मला ते पटत नाही. ज्या समाजात मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकलं जाई, तिथे जाणत्या वयाच्या तरुण-तरुणीची भेट, ओढ, ताटातूट, स्वतःहून केलेली निवड हे कथेत आणायचं कसं? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून फक्त बारावर नेलं, तर केवढं वादळ उठलं! घरात जे शक्य नव्हतं ते कल्पित नगरीतल्या राजकन्येला शक्य होतं. वाचणाऱ्याने ती नगरी जवळ केली यात नवल नाही.

रिसबुडांना खरं उत्तर हरिभाऊ आपट्यांनी दिलं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत त्यांनी यमू या नायिकेच्या तोंडून दाखवलं की त्याच नीरस म्हटलेल्या आयुष्यात अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. हा विजय मोठा होता, पण त्यानंतर वास्तव म्हणजे थोर आणि अद्भुत म्हणजे हलकं अशी मांडणी रूढ झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात दोन्ही प्रवाहांचा गंभीरपणे विचार केला होता. तसा विचार पुढे फारसा झाला नाही.

वाचक मात्र आपल्या वाटेने गेले. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या रहस्यमय कादंबऱ्यांनी भारतीय भाषांना वेड लावलं होतं. हरिभाऊंची ‘मधली स्थिति’सुद्धा त्याच्याच आधाराने उभी आहे. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सची कथानकं घेऊन ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. शिकारीला गेले असताना नाथमाधव सिंहगडच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचे पाय कायमचे गेले. घोडदौड, भुयारं आणि किल्ले यांनी भरलेली ती कादंबरी त्या अवस्थेत लिहिली गेली.

मग आला ‘चांदोबा’. मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं हे मासिक १९५२ पासून मराठीतही निघू लागलं. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या मांत्रिकांच्या आणि राक्षसांच्या क्रमशः कथा, आणि शंकर यांनी काढलेलं विक्रम-वेताळाचं ते चित्र: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, ही वेताळाची धमकी ज्यांनी लहानपणी वाचली ते ती विसरलेले नाहीत. त्यातले पेच लहान मुलांचे मुळीच नव्हते. देवीपुढे शिरं वाहिलेल्या दोन पुरुषांची डोकी चुकून एकमेकांच्या धडावर बसली, तर बाईचा नवरा कोण? विक्रम राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. घरातल्या मोठ्यांना हे उत्तर विचारून पाहा, वाद होतो.

त्याच सुमारास हे घराणं अनेक दिशांना पांगलं. नारायण धारपांनी ‘समर्थ’ मालिकेत अमानवी शक्तींपुढे एक शांत, संयमी माणूस उभा केला. रत्नाकर मतकरींनी १९६२ पासून बालनाट्यं केली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण एका काळात दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, नंतर वैभव मांगलेंनी. आणि जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’त (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांमध्ये नाव-गाव-काळ नसलेल्या प्रदेशात नियतीशी झुंजणारी माणसं चालवली. माझ्या लेखी मराठी अद्भुताचं ते सर्वांत उंच शिखर. पण जीएंना आपण चिंतनाच्या खणात ठेवतो, धारपांना भयकथेच्या, ‘चांदोबा’ला मुलांच्या आणि कहाणीला देवघरात. त्यामुळे आजचा मराठी तरुण ड्रॅगन आणि जादूगारांची कादंबरी लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर इंग्रजी नमुने असतात. बोलणारं वासरू, बत्तीस पुतळ्या आणि इस्किलार ही त्याचीच मिळकत आहे, हे त्याला सांगणारा समग्र अभ्यास आपल्याकडे हवा, आणि तो शाळा-कॉलेजच्या वाचनयादीपर्यंत पोचायला हवा.